कोशाचं लुगडं खाणारा भुंगेरा रानात काय करतो

लग्नसराई जवळ आली की घरोघरच्या पेट्या उघडतात. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत एखादं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, करवती लुगडं असतं. सासूने सुनेला दिलेलं, मोजक्या कार्यांना नेसलेलं, एरवी जुन्या धोतरात गुंडाळून टिनाच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं. ते उलगडलं की घडीच्या आत बारीक भोकं दिसतात. कडा ओबडधोबड, कुठे एकटंच भोक, कुठे तीन-चार जवळजवळ. "कसर लागली," घरातली म्हातारी म्हणते. दुकानातून डांबरगोळ्या येतात, ट्रंक बंद होते, आणि पुढच्या खेपेला भोकं वाढलेली असतात.

त्या लुगड्याकडे नीट पाहिलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. करवतीचं अंग कोशाच्या रेशमाचं, पण पुष्कळ करवतींचे काठ सुती धाग्याचे असतात. अशा लुगड्याला भोकं अंगावर पडतात आणि काठ बहुधा शाबूत राहतो. त्याच ट्रंकेतल्या धुतलेल्या सुती चादरीला, नायलॉनच्या साडीला काही झालेलं नसतं. म्हणजे खाणाऱ्याने निवडून खाल्लं आहे.

उंदीर असं निवडत नाही. वाळवीचं तर उलटं. ती सूत, कागद, लाकूड खाते आणि मागे मातीची वाट सोडते. रुपेरी अंगाची, तीन शेपट्यांची चपळ कसर खळ लावलेलं कापड आणि वह्या-पुस्तकांची पानं खरवडते. भिंतीवर राखाडी चपटी पिशवी ओढत चालणारी अळी तुम्ही पाहिली असेल. ती एका पतंगाची. तीही केस आणि लोकर खाते, पण त्या पिशवीमुळे लगेच ओळखू येते. रेशीम, लोकर, पिसं, केस आणि कातडं यांवर ताव मारून सूत सोडणारा आणखी एक प्राणी आपल्या घरांत राहतो, आणि बहुतेकांनी त्याचं नाव कधी ऐकलेलं नसतं. तो म्हणजे कार्पेट बीटल. भुंगेऱ्यांच्या डर्मेस्टिडी नावाच्या कुळातला. या कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत. गालिचा नसलेल्या घरातही तो असतोच, कारण गालिचा हा त्याच्या खाण्यातला अगदी छोटा भाग आहे.

ट्रंक रिकामी करून तळ पांढऱ्या कागदावर झटकून बघा. हलक्या, पोकळ, तपकिरी साली पडतील. चार-पाच मिलिमीटर लांब, अंगावर आडवे पट्टे, बाजूंना आणि मागच्या टोकाला केसांचे झुबके. या अळीने टाकलेल्या काती. अळी वाढताना अनेकदा कात टाकते आणि प्रत्येक कात जशीच्या तशी आकार धरून राहते, त्यामुळे ट्रंकेत वीस साली दिसल्या म्हणजे वीस अळ्या होत्या असं नाही. जिवंत अळी सापडली तर काडीने हळूच डिवचा. मागचे झुबके ती पंख्यासारखे पसरते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक मिळालं तर त्यातला एक केस ठेवून पोरांना अवश्य दाखवा. केसाच्या टोकाला भाल्याच्या पात्याचा आकार आणि दांड्यावर उलटे काटे दिसतात. मुंगीने हल्ला केला की हे केस सुटून तिच्या तोंडात आणि पायांत अडकतात. एवढ्याशा, मंद चालणाऱ्या, विष नसलेल्या जिवाजवळ हे केवढं हत्यार आहे!

या वर्णनाची अळी ॲन्थ्रेनस गटातली. दुसरी एक सापडते ती ॲटाजेनस गटातली. ती लांबट, डोक्याकडे जाड आणि मागे निमुळती, तांबूस चकचकीत असते आणि तिच्या शेपटाला लांब केसांचा कुंचा असतो. दोघींचे उद्योग सारखेच.

मोठा झालेला भुंगेरा मात्र कपडे खात नाही. तो दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर. ॲन्थ्रेनसच्या अंगावर पांढऱ्या, पिवळसर, तपकिरी खवल्यांची नक्षी असते. खवले झडले की तोच भुंगेरा काळा दिसू लागतो. त्याला फुलांमधले परागकण आणि मध हवा असतो. परसात सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुलोऱ्यावर आला असेल तर त्या पांढऱ्या झुबक्यांमध्ये हे बारके भुंगेरे शोधा. बडीशेप आणि गाजराची फुलंही त्यांना आवडतात. अळी उजेडापासून पळते, भुंगेरा उजेडाकडे जातो. म्हणून खिडकीच्या चौकटीत मेलेले बारके ठिपकेदार भुंगेरे दिसले, तर ते बाहेरून आत आलेले असतीलच असं नाही. ते घरातच वाढले आणि बाहेर जायची वाट शोधत होते, असं बहुतेक वेळा असतं. अंडी घालायला मादी पुन्हा आडोसा शोधते, जिथे अळीला खायला मिळेल तिथे. सगळं वेळखाऊ. हवामान आणि खाणं यांवर अवलंबून अळीची अवस्था काही महिने चालते, काही जातींत दोन-तीन वर्षंसुद्धा. खाणं संपलं तरी ती लगेच मरत नाही. या कुळातल्या काही अळ्या उपासमारीत कात टाकून आणखी लहान होतात आणि खाणं मिळालं की पुन्हा वाढू लागतात.

आता मुख्य प्रश्न. केसात आणि लोकरीत खाण्यासारखं काय असतं? केस, नख, शिंग, खूर, पिसं, लोकर हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं आहे. प्रथिन म्हणजे पोषण, पण हे पोषण कुलूपबंद असतं. केराटिनचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि जागोजागी गंधकाच्या जोडांनी घट्ट आवळलेले असतात, बाजेच्या सुंभाला जागोजाग गाठी माराव्यात तसे. आपलं पोट त्या गाठी सोडवू शकत नाही. कुत्र्याच्या पोटात गेलेला केस तसाच बाहेर पडतो. या अळीच्या आतड्यातली रसायनं आधी गंधकाचे जोड तोडतात, मग पाचक रस धाग्यांचे तुकडे करतात. प्राण्यांच्या जगात ही ताकद फार थोड्यांकडे आहे. रेशमाचं प्रथिन वेगळं, पण तेही तिला पचतं. कापूस म्हणजे सेल्युलोज. तो तिला पचत नाही. म्हणून आपल्या कपाशीच्या मुलखातल्या गाद्या-गोधड्या मुळात सुरक्षित आहेत. मात्र घाम, तेल, वरण सांडलेली गोधडी न धुता ठेवली तर त्या डागापाशी अळी कापूसही कुरतडते. तिला डाग हवा असतो, कापड त्यासोबत जातं.

ही ताकद तिच्याकडे आपल्या ट्रंकांसाठी आलेली नाही. ती बघायची तर गावाबाहेर जिथे मेलेली जनावरं टाकतात तिथे जावं लागतं. वासाची जागा आहे, पण माझ्या मते तिथे जे चालतं ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

जनावर मेलं की काही वेळातच निळ्या-हिरव्या माश्या येतात आणि अंडी घालतात. कुत्री, कावळे, डुकरं आपला वाटा घेतात. माश्यांच्या अळ्या ओलं मांस संपवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उरलेलं कातडं आणि शिरा लवकर सुकून कडक होतात. मग माश्यांना तिथे काही उरत नाही. नेमक्या त्या वेळी डर्मेस्टिस नावाचे भुंगेरे पोचतात. ते कार्पेट बीटलचे थोरले भाऊबंद, सात-आठ ते दहा मिलिमीटरचे, काळपट. कातडं, सुकलेलं मांस, हाडाला चिकटलेले स्नायू हे सगळं ते आणि त्यांच्या केसाळ अळ्या खरवडून काढतात. शेवटी केस आणि पिसं उरतात, त्यांना ॲन्थ्रेनस आणि काही पतंगांच्या अळ्या लागतात. हाडं पांढरी होतात. केसात अडकलेलं नायट्रोजन आणि गंधक विष्ठेवाटे मातीत जातं, पुढे गवतात, पुढे पुन्हा जनावरात.

हे काम ते इतक्या निगुतीने करतात की जगभरच्या संग्रहालयांत डर्मेस्टिस मुद्दाम पाळतात. पक्ष्याचा किंवा वटवाघळाचा सांगाडा साफ करायचा असेल तर तो त्यांच्या पेटीत ठेवतात. चाकूने जे नाजूक हाड मोडेल ते ते अलगद मोकळं करतात. प्रेताजवळ या भुंगेऱ्यांची कोणती अवस्था सापडली यावरून मृत्यू किती जुना असावा याचा अंदाज न्यायवैद्यक तज्ज्ञ बांधतात.

विदर्भात या सफाईला आणखी एक बाजू आहे. पूर्वी मेलेलं ढोर गिधाडं काही तासांत संपवायची. १९९० च्या दशकापासून ती भराभर नाहीशी झाली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांमधून त्यांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी खाद्यस्थळंही चालवली. गिधाडांची जागा भुंगेरे भरून काढू शकत नाहीत, कारण त्यांना वेळ लागतो आणि ते सुकलेल्यावरच येतात. पण गिधाड असतानाही केस आणि खुरं शेवटी यांच्याच वाट्याला होती, आणि आजही आहेत.

हा धंदा किती जुना? स्पेनमध्ये तेरुएल भागात सापडलेल्या साडेदहा कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत या कुळातल्या अळ्यांच्या काती पिसांसोबत अडकलेल्या मिळाल्या. ती पिसं पंखवाल्या डायनोसॉरांची होती. २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं सापडतात. तो काळ या राळेच्या खूप नंतरचा आहे. म्हणजे आपल्या मातीत डायनोसॉर चालत होते तेव्हा हे कुळ आधीच मुरलेलं होतं.

तर असा हा सफाई कामगार घरात शिरतो तेव्हा त्याच्या लेखी घर वेगळं काही नसतं. वाळलेलं केराटिन आणि मेलेले किडे जिथे आहेत ती त्याची जागा. आणि आपल्या खेड्यातल्या घरात अशा जागा किती, हे मोजायला बसलं तर थक्क व्हायला होतं. कवेलूखाली चिमण्यांची घरटी. त्यात पिसं, मेलेली पिल्लं, अंड्यांची टरफलं. आड्याला गांधीलमाश्यांचं सोडून दिलेलं पोळं. कोपऱ्यातली जाळी आणि त्यात लटकलेले माश्यांचे सांगाडे. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारे वाळवीचे पंखवाले किडे, ज्यांचा थर ट्यूबलाइटच्या पट्टीत वर्षभर पडून राहतो. कोंबड्यांचं खुराडं भिंतीला लागून असेल तर त्यातली पिसं. फणीतून काढून फटीत खोचलेले केस. आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा: विष खाऊन माळ्यावर मेलेला उंदीर. वास महिनाभरात जातो, आपण विसरतो. पण त्या वाळलेल्या उंदरावर एक अख्खी पिढी वाढते, आणि खाणं संपलं की अळ्या खाली उतरायला लागतात. खाली ट्रंक असते.

म्हणूनच नुसती ट्रंक साफ करून हा प्रश्न सुटत नाही. लुगडं हे या अळीचं दुसरं घर. पहिलं घर वर छपरात किंवा कपाटामागे आहे. ते सापडेपर्यंत डांबरगोळ्यांचा खर्च वायाच.

धान्याच्या कोठीतही याच कुळातला एक जण असतो, आणि तो जास्त नुकसान करतो. खापरा भुंगेरा. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जातींच्या यादीत तो आहे, आणि त्याचं मूळ भारतीय उपखंडातच मानलं जातं. कोरडी, उष्ण हवा त्याला मानवते. तीस ते पस्तीस अंशांच्या पुढेही तो जोमाने वाढतो. अळी गव्हाच्या दाण्याचा कोंब आधी खाते, त्यामुळे ते बियाणं उगवत नाही. दाण्यांवर तपकिरी कातींचा थर जमतो. तिची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे: धान्य संपल्यावर ती कोठीच्या फटीत, बारदान्याच्या शिवणीत जाऊन बसते आणि खाण्याशिवाय कितीतरी महिने, प्रसंगी काही वर्षं, तग धरते. मोठा भुंगेरा उडत नाही. म्हणजे तो दुसऱ्याच्या घरून आपल्या घरी येतो तो पोत्यातून. उसना बारदाना वापरायच्या आधी उलटा करून कडक उन्हात टाका, शिवणी झटका. गोदामात खापरा पसरला तर काम अवघड होतं, म्हणूनच अनेक देश त्याच्यामुळे आयात माल अडवतात.

कोसा पाळणाऱ्या ढिवर कुटुंबांना हे कुळ आणखी एका रूपात माहीत आहे. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरून उतरवलेले कोसे साठवले की आतल्या मेलेल्या कोषकीटकाच्या वासाने भुंगेरे येतात आणि कोशाला भोक पाडून आत शिरतात. भोक पडलेल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही. तो कातावा लागतो आणि भाव उतरतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ही अळी चावत नाही, रक्त पीत नाही. पण तिचे ते काटेरी केस अंथरुणात, घोंगडीत गळतात, आणि काही जणांच्या अंगावर त्यामुळे खाजरे लाल पुरळ उठतात. लोक ढेकूण समजून खाटा उन्हात टाकतात, कुणी खरजेचं मलम लावत राहतं. ढेकणाचे काळे डाग गादीच्या शिवणीत दिसतात. ते नसतील आणि तपकिरी केसाळ काती सापडत असतील तर बंदोबस्त अळीचा करायला हवा. पुरळ टिकला तर डॉक्टरला दाखवताना त्या काती कागदाच्या पुडीत घेऊन जा, निदानाला मदत होते.

आता काय करायचं. आधी छप्पर. विणीचा हंगाम संपून चिमण्या उडून गेल्या की रिकामी घरटी उतरवा. पिल्लं असताना हात लावू नका. जाळी, गांधीलमाश्यांची जुनी पोळी, दिव्याच्या पट्टीतला किड्यांचा चुरा, माळ्यावरचा कचरा झाडून घराबाहेर दूर नेऊन पुरा किंवा जाळा. कपाट आणि ट्रंक भिंतीपासून ओढून मागची जागा झाडा. जमिनीच्या भेगा सारवून किंवा सिमेंटने बुजवा. या एका दिवसाच्या कामाने जे होतं ते कुठल्याही औषधाने होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग कपडे. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन फुकट मिळतं आणि ते उत्तम औषध आहे. अंडी, अळ्या, भुंगेरे सगळे मरायला पन्नास-पंचावन्न अंशांच्या वरची उष्णता काही तास हवी. नुसती हवा पंचेचाळीस अंशांची असते, ती पुरत नाही. काळ्या प्लास्टिकखाली किंवा पत्र्यावर ठेवलेल्या बंद टिनाच्या पेटीत मात्र पारा बराच वर चढतो. कपडे दाबून भरू नका, मधल्या घडीपर्यंत उष्णता पोचली पाहिजे. कोशाचा रंग थेट उन्हाने उतरतो, म्हणून लुगडं सुती फडक्यात गुंडाळूनच पेटीत ठेवा. लोकरीची घोंगडी थेट उन्हात टाकून काठीने झोडपा. अळ्या उजेड टाळायला खाली गळतात आणि अंडी झटकली जातात. घरी फ्रीज असेल तर किमती साडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी काम होतं, पण कप्पा खरोखर उणे अठरा अंशांपर्यंत गार होणारा हवा. ठेवण्याआधी कपडा धुतलेला हवा. घामाचा आणि अत्तराचा डाग ही अळीला दिलेली मेजवानीच. वर्षातून दोनदा घड्या मोडून पुन्हा घाला.

डांबरगोळीचा उपयोग होतो तो फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात, वाफ आत कोंडून राहिली तरच. आपल्या ट्रंकेच्या फटींतून ती वाफ निघून जाते आणि आपण श्वासात घेतो. शिवाय एक खरा धोका आहे. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात अशा तान्ह्या बाळाला गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतिणीचे आणि बाळाचे कपडे त्या गोळ्यांपासून दूरच ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण आतल्या अळ्या त्याने मरत नाहीत आणि वाळला की तो कचराच होतो.

आणि शेतातलं औषध घरात फवारू नका. कपाशीची कीटकनाशकं काय करू शकतात हे आपण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पाहिलं. फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती मोकळ्या शेतातली गोष्ट होती. बंद खोलीत, गादीवर, पोरं झोपतात तिथे ते औषध मारणं त्याहून वाईट. धान्यात टाकायची ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी तर झोपायच्या घरात नकोच. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो.

दोन वस्तू मात्र लोक हमखास विसरतात. भजनी मंडळाची पेटी आणि खंजिरी. पेटीच्या आत पट्ट्यांखाली लोकरीचा फेल्ट असतो, भात्याला कातडं असतं. खंजिरीचं तर तोंडच कातड्याचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाची परंपरा असलेल्या गावोगावच्या मंदिरांत या वस्तू महिनोन् महिने कपाटात पडून असतात, आणि उत्सवाच्या आदल्या रात्री एखादी पट्टी आवाजच देत नाही. फेल्ट अळीने खाल्लेला असतो. पेटी महिन्यातून एकदा तरी वाजवा, वरची फळी काढून मऊ ब्रशने झाडा, फेल्टवर तपकिरी काती दिसतात का बघा. खंजिरी उन्हात पाच-दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, कातडं तडकतं. कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर खुंटीला टांगा. पोळ्याच्या साजातले लोकरीचे गोंडे असतील तर तेही सण झाल्यावर झटकून, उन्हं दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.